मापाचं ब्लाऊज आणि बाबांचा पट्टा

आमच्या घरात फॅशन ही शिवी होती. "फॅशन करू नकोस" म्हणजे केस मोकळे सोडून दारात उभी राहू नकोस. "फार फॅशन चढलीय" म्हणजे उलट उत्तर देऊ नकोस. आणि "ही बघा फॅशन" म्हणजे ताटात भात टाकून उठू नकोस. माझा चुलतभाऊ एकदा ताप आला म्हणून शाळेत गेला नाही, तर बाबा त्याच्या कपाळाला हात लावून म्हणाले, काय नाय, फॅशन करता. अशा घरात, बारावीचा जेमतेम निकाल हातात घेऊन, मी भर जेवणात सांगितलं की मला फॅशनमध्ये जायचंय. आईचं शिलाई मशीन थांबलं. बाबा बांगड्याचं तिखलं खात होते. त्यांनी तोंडातला काटा काढला, ताटाच्या कडेला नीट ठेवला आणि म्हणाले, "फॅशन करूक पैशे लागतत गो. फॅशन करूचे पैशे देता कोण?"

खरं सांगायचं तर फॅशनमधली माणसं सकाळी उठून नेमकं काय करतात, हेच मला ठाऊक नव्हतं. रद्दीत आलेल्या एका साप्ताहिकाची चार रंगीत पानं, एवढाच माझा अभ्यास. परवा माझी नात तन्वी आली, तिलाही फॅशनमध्येच जायचंय. तिने मोबाइलवर तक्ताच दाखवला. डिझायनर, स्टायलिस्ट, बायर, मर्चंडायझर, आणखी कायकाय. म्हणाली, आजी, बिगिनरने यातलं काय निवडावं? मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, यात पिना लावणारी कुठाय गं? ती म्हणाली, आजी, सिरियसली सांग ना. मी सिरियसलीच सांगत होते. पण ते कळायला आधी भटवाडीतलं आमचं घर कळायला हवं.

घाटकोपरच्या भटवाडीत आमच्या दोन खोल्या होत्या, त्यातली एक ब्लाऊजांची. आई घरी ब्लाऊज शिवायची. हाताचं मशीन, त्याचा खटखटखट आवाज पहाटेपासून, आणि त्या आवाजावर आमची झोप, अभ्यास, भांडणं सगळं चालायचं. भिंतीला ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याला एक पिशवी, आणि पिशवीत नव्या कापडाबरोबर मापाचं ब्लाऊज. आमच्या बाजूला कुठलीही बाई टेप लावून माप देत नसे. छाती किती, कंबर किती, हे इंचात मोठ्याने बोलायचं म्हणजे अब्रूचा पंचनामा. त्यापेक्षा आपलं जुनं, बरं बसणारं ब्लाऊज द्यायचं आणि सांगायचं, ह्याच्यासारखं शीव. त्यात गंमत अशी की बायका दहा वर्षांपूर्वीचं ब्लाऊज आणून द्यायच्या, लग्नातलं, आणि मग नवं घट्ट झालं म्हणून आईवर डाफरायच्या. आई त्यांना पुरती ओळखून होती. ती आतल्या शिवणीत भरपूर कापड राखायची. त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. माया ठेवली की उसवून सैल करता येतं. "बाई खोटं बोलते, ब्लाऊज खोटं बोलतं," आई म्हणायची, "म्हणून माया ठेवावी." भिंतीवरची ब्लाऊजं चाचपून ती डोळे मिटून सांगायची, ही पाटलीण, ही तिसऱ्या माळ्यावरची नवी सून, आणि ही सावंतीण, हिने पुन्हा मुलीचंच ब्लाऊज दिलंय स्वतःचं म्हणून.

बाबा मूळचे मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कांजूरमार्गला एका कंपनीच्या गेटवर लागले. तिथल्या एका साहेबाने त्यांना सांगून ठेवलं होतं, मुलीला टायपिंग येऊ दे, मग ऑफिसात चिकटवू. बाबांना वाटायचं, लेकीने पंख्याखाली बसून काम करावं. त्यात त्यांचं काहीच चुकत नव्हतं आणि तेच माझ्या संतापाचं कारण होतं. मी दोन दिवस जेवले नाही, म्हणजे त्यांच्यासमोर जेवले नाही. शेवटी तोड निघाली. बाबा म्हणाले, दिवाळीपर्यंत काय ता करून बघ. दिवाळीपर्यंत कोणी फॅशनसाठी कामावर ठेवली तर ठीक, नायतर पाडव्यापासून टायपिंगचा क्लास, आणि मग ह्या घरात फॅशन हा शब्द काढायचा नाही. मी हो म्हटलं. त्या वयात दिवाळी फार लांब वाटते.

पहिला विचार केला डिझायनर होण्याचा, कारण तो एकच शब्द मला येत होता. अंधेरीला एका दाताच्या दवाखान्याच्या वर लोबो टीचरांचा ड्रेस डिझायनिंगचा क्लास होता. फी आईने ब्लाऊजांच्या शिलाईतून भरली आणि बाबांना सांगितलं की मावशीने दिली. टीचर गोऱ्यापान, उंच टाचांच्या, तीन भाषा एका वाक्यात बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवलं की साधा माणूस साडेसात डोक्यांएवढा उंच असतो, पण फॅशनच्या चित्रातली बाई नऊ डोक्यांची काढायची. मी घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं, आज नऊ डोक्यांची बाई शिकवली. बाबांनी पेपर खाली केला. "रावणाची भयण काय गो ही?" मी चित्र दाखवलं. आईने ते उजेडात धरून पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं की हिला घरचे जेवायला घालत नाहीत का.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती. मला हात काढता येत नव्हते. तळवा काढला की केळ्याचा घड व्हायचा. त्यातून खाली डेंटिस्टने मशीन लावलं की सगळं टेबल थरथरायचं आणि बोटं दुप्पट व्हायची. म्हणून मी माझ्या सगळ्या बायकांचे हात पाठीमागे बांधून टाकले. पार्टी गाऊन, हात मागे. स्कर्ट-ब्लाऊज, हात मागे. नऊवारीतल्या बाईला तर मी खिसे दिले आणि हात त्यात घातले. टीचर माझी वही हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, शैला डियर, तुझ्या सगळ्या लेडीजना पोलीस पकडून नेतायत असं का वाटतं गं? क्लास खो खो हसला. मीही हसले आणि बसमध्ये घाटकोपरपर्यंत रडले.

मग ठरवलं, मॉडेल व्हायचं. त्यात काढायचं काही नसतं, नुसतं दिसायचं असतं. माझी मैत्रीण जयू बातमी घेऊन आली की स्टेशनजवळच्या साड्यांच्या दुकानाबाहेर "मॉडेल पाहिजे" अशी पाटी लागलीय. आम्ही पावडरचा डबा संपवून गेलो. शेठ सज्जन होते. काम असं होतं की दुकानातला प्लास्टरचा पुतळा गिऱ्हाइकाच्या पोराने पाडून फोडला होता, नवा येईपर्यंत त्याच्या जागी साडी नेसून उभं राहायचं. हलायचं नाही. मी उभी राहिले. कंबरेवर हात, मान तिरकी, अगदी रंगीत पानातल्यासारखी. तासाभरात आमच्या बिल्डिंगमधल्या सावंतकाकी आल्या. त्यांनी माझ्या पदराचा पोत बोटांनी चोळून पाहिला, मग वर पाहिलं, आणि म्हणाल्या, अगो, परबांची शैला ना तू? हे धर जरा. आणि नातवाला माझ्या कडेवर देऊन आत साड्या बघायला गेल्या. पोराने माझ्या अंगावरच्या साडीवर जे करायचं ते केलं.

त्याच दुकानात भानूभाई नावाचे सेल्समन होते, मिशा या गालापासून त्या गालापर्यंत. ते एक साडी उचलायचे, पँट-शर्टावरच निऱ्या धरायचे, पदर खांद्यावर टाकून असे काही वळायचे की बायका तिथल्या तिथे पर्स उघडायच्या. मी दिवसभर उभी राहून एक साडी खपवली नाही, त्यांनी ढीग खपवले. संध्याकाळी शेठ मायेने म्हणाले, बेन, तमे बहु सारा, पण तुम्ही गिऱ्हाइकाकडे रागाने बघता. खरंच होतं ते, माझा चेहराच तसा आहे. पगार म्हणून त्यांनी मला एक मोरपंखी सॅटिनची साडी दिली. एका टोकाला रंग उडालेला, पण बाकी झकास. म्हणजे फॅशनच्या धंद्यात एक मिशावाला बाप्या माझ्यापेक्षा सरस मॉडेल निघाला होता, आणि दसरा तोंडावर आला होता.

आता एकच आशा उरली, लोबो टीचरांचा वार्षिक शो. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात, जुहूच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. प्रत्येक विद्यार्थिनीने एक ड्रेस शिवायचा, तो खरीखुरी मॉडेल घालणार, आणि बघायला धंद्यातली माणसं येणार. कुणाला आवडलं तर तिथल्या तिथे काम मिळतं, असं टीचर सांगायच्या. चिठ्ठ्या टाकल्या, मला रीना नावाची मॉडेल आली. ती बाहेरगावी शूटिंगला गेलेली, थेट शोच्या दिवशीच उगवणार होती. टीचरांनी मला तिचा पासपोर्टएवढा फोटो दिला, त्यात फक्त तोंड, आणि मापाची चिठ्ठी. त्यावर लिहिलं होतं, चौतीस-चोवीस-चौतीस.

ती चिठ्ठी आमच्या घरात दोन दिवस फिरली. बाबा म्हणाले, बसचो नंबर आसतलो. आईने टेप काढून हवेत चोवीस इंचाचं कडं करून पाहिलं. ते कडं तिने आधी स्वतःच्या दंडाजवळ नेलं, मग उशीला लावून पाहिलं. म्हणाली, चोवीस कंबर कधी बाईमाणसाची असते का, लिहिणाऱ्याने चौतीस लिहायचं ते चुकून चोवीस लिहिलं. मी म्हटलं, आई, मॉडेल आहे ती. आई म्हणाली, "मॉडेल असली म्हणून काय झालं, आतडी ठेवायला जागा नको? आकड्यावर ब्लाऊज शिवतात का कधी? जा, तिच्या घरी जाऊन मापाचं ब्लाऊज घेऊन ये." मला ते एकदम पटलं. आता वाटतं, जगात लाखो मुली फॅशन शिकल्या असतील, पण मॉडेलच्या घरी जाऊन मापाचं ब्लाऊज मागणारी फक्त भटवाडीचीच.

टीचरांच्या वहीतून पत्ता उतरवून मी जुहूला गेले. समुद्रासमोरची बिल्डिंग, लिफ्टमध्ये आरसा. कामवाल्या बाईंनी दार उघडलं. आपल्या रत्नागिरीकडच्याच निघाल्या, मला हायसं वाटलं. एवढ्या मोठ्या मॉडेलला नुसतं रीना कसं म्हणायचं, म्हणून मी अदबीने म्हटलं, मॅडमचं मापाचं ब्लाऊज हवंय, शिवायला. त्यांनी विचारलं, मॅडमचंच ना? मी म्हटलं, हो, मॅडमचंच. त्या आत गेल्या आणि इस्त्रीचं ब्लाऊज पिशवीत घालून घेऊन आल्या. दार लावता लावता मला आपलेपणाने सांगितलं, "हे आताशा घट्ट होतं हां त्यांना. जरा सैलच धरा." मी त्यांचे मनापासून आभार मानले.

घरी आईने ते ब्लाऊज जमिनीवर पसरलं. ते पसरतच गेलं. आईच्या चेहऱ्यावर असा काही विजय होता, की निवडून आलेल्या नगरसेवकाच्याही नसेल. "चोवीस म्हणे," ती म्हणाली. मी फोटोतलं बारीक तोंड दाखवलं तर म्हणाली, काही बायकांचं तोंडावर दिसत नाही गं, सगळं खालीच असतं. मला वाटलं, हीच असेल फॅशनची किमया. एवढी बाई फोटोत एवढीशी दिसते, काय कला आहे. मग त्या मोरपंखी साडीचा मी गाऊन शिवला. रंग उडालेलं टोक आत दडवलं, गळ्याला कापडाची फुलं केली. मापाच्या ब्लाऊजाला बाईंनी सांगितलेलं सैल धरलं आणि वर आईने सांगितलेली माया ठेवली. टीचरांनी तो हँगरवर बघितला आणि म्हणाल्या, खूप घेर दिलास, गुड, गुड.

शोच्या दिवशी बाबांचा प्रश्न उभा राहिला. त्यांच्याकडे गेटवरचा खाकी युनिफॉर्म होता आणि लेंगे होते. जुहूच्या हॉटेलात लेंगा कसा घालणार? शेजारच्या सावंतकाकांनी आपली काळी टेरिकॉटची पँट दिली. सावंतकाका म्हणजे देह, आणि बाबा म्हणजे काठीला शर्ट. पँटीत बाबा दोनदा मावले असते. पण त्यांच्याकडे गिरणीच्या दिवसातला चामड्याचा पट्टा होता, रुंद, तपकिरी, पितळी बक्कलचा. दरवर्षी बाबा थोडे बारीक होत गेले आणि खिळ्याने एकेक भोक वाढवत गेले. तो पट्टा करकचून आवळला, पँटीच्या चुण्या मागे सारल्या, वरून शर्ट सोडला. आईने ठेवणीतली साडी नेसली. हॉटेलात शिरताना दारवानाने बाबांना सलाम केला, तर बाबांनी त्याला उलट सलाम केला आणि ड्युटी किती तासांची, ते विचारलं.

मी मागच्या खोलीत गेले. तिथे आरशासमोर, मेकअपने तोंड ओळखू न येणारी एक मुलगी च्युइंगगम चघळत बसली होती, शेवग्याच्या शेंगेसारखी. मी तिला विचारलं, रीना मॅडम कुठे आहेत? ती म्हणाली, मैं ही तो हूँ. मला वाटलं थट्टा करते. मग तिने गाऊन घातला. म्हणजे डोक्यातून घातला, आणि तो खांद्यांवरून, कंबरेवरून कुठेही न थांबता सरळ जमिनीवर जाऊन बसला. रीना मोरपंखी सॅटिनच्या ढिगात आपल्या पेटीकोटवर उभी. खाली बघून ती शांतपणे म्हणाली, यार, ये तो मम्मी का साइज है.

तेव्हा उलगडा झाला. त्या घरात मॅडम म्हणजे तिची आई. हिला सगळे बेबी म्हणत. कामवाल्या बाईंचं काही चुकलं नव्हतं, मी मागितलं तेच त्यांनी दिलं होतं. आमची पाळी शेवटून दुसरी होती. लोबो टीचर आल्या, गाऊन पाहिला, "जीझस" म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या ते बसल्याच. माझी वाट लागली होती. डोळ्यांसमोर टायपिंग मशीन दिसायला लागलं. मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी हॉलच्या दारात जाऊन आईला खुणेने बोलावलं.

आई आली, तिने रीनाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, ही कोण, आणि ती ब्लाऊजवाली कुठाय? मी सांगितलं, हीच ती. चोवीस खरंच होतं, आई. आईने हार मानली. मग तिने मंगळसूत्राला अडकवलेल्या पिना काढल्या, बांगड्यांना लटकवलेल्या पिना काढल्या, पदराची काढली, पर्समधला झुबका काढला आणि सगळ्या माझ्या ओंजळीत ओतल्या. म्हणाली, समोरून सपाट ठेव, सगळं मागे घे.

आणि मग माझे हात चालायला लागले. कागदावर जे मला एकही हात काढू देत नव्हते, तेच हात. पुढचं सॅटिन ताणून बसवलं, उरलेलं मागे नेऊन निऱ्यांसारखं घातलं, खाली पिन, वर पिन, आतून पिन, टोक अंगाला लागणार नाही अशी पिन. भानूभाई पदर कसा सोडतात ते आठवलं, तसा एक सोगा खांद्यावरून खाली घेतला. मला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. त्या क्षणी मी इतकी आनंदात होते की टायपिंगही विसरले होते. समोरून रीना राणी दिसत होती. मागून ती आईच्या पिनांच्या डब्यासारखी दिसत होती. पण सॅटिन निसरडं, कंबरेवर ठरेना, आणि पिना संपल्या. आई तडक हॉलमध्ये गेली.

पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं. ती बाबांच्या खुर्चीशी वाकून म्हणाली, अहो, पट्टा काढून द्या. बाबांनी विचारलं, "कोणाक मारतलंस?" आई म्हणाली, कुणाला नाही, शैलाला पाहिजे. बाबा म्हणाले, माझ्या पँटीचा काय? आईने सांगितलं, बसून राहा, काही झालं तरी उठू नका. बाबांनी आजूबाजूला पाहिलं, शर्टाखालून पट्टा ओढला आणि दिला. तो मी रीनाच्या कंबरेला गाऊनवरून लावला. बाबा ज्या भोकात लावायचे, त्याच्या बाजूच्याच भोकात बक्कल बसलं. चोवीस कंबर कुणाची असते, ह्याचं उत्तर आमच्याच घरात होतं आणि आम्ही दोन दिवस उशीला टेप लावत होतो.

मी रीनाला बजावलं, काय वाटेल ते कर, पण पाठ दाखवू नकोस. ती पोरगी खरी कलाकार. टोकापर्यंत झोकात गेली, थांबली, हसली, आणि वळायच्या ऐवजी तशीच उलट्या पावली मागे आली, एकेक पाऊल, लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून. लोकांना वाटलं, ही परदेशातली नवी चाल असणार. पितळी बक्कल दिव्यात चमकत होतं. सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला. मी पडद्याच्या फटीतून बाबांना शोधलं. उभ्या राहिलेल्या माणसांमध्ये एकटे बाबाच बसून होते. टाळ्याही वाजवत नव्हते. दोन्ही हात मांडीवर, मूठ वळलेली, चेहरा घट्ट. मी आईला म्हटलं, बाबांना नाही आवडलं गं. आईने फटीतून पाहिलं. "टाळ्या कशा वाजवतील? दोन्ही हातांनी पँट धरलीय त्यांनी," ती म्हणाली. "डोळे बघ त्यांचे." मी बघितले. ते पुसायलाही त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता.

शो संपल्यावर केस कापलेल्या एक बाई मागे आल्या. जाहिरातींचे आणि फॅशनचे शो त्या करत असत. त्यांनी रीनाला खांद्याला धरून वळवलं, पाठ पाहिली आणि पोट धरून हसल्या. हे कुणी केलं, विचारलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "डिझाईन कोण पण करतो. अंगावर बसवणारा माणूस नाय भेटत. दिवाळीआधी एक शो आहे, उद्यापासून ये." आणि बेल्टची आयडिया फारच धाडसी, असंही म्हणाल्या. एवढ्यात रीना कपडे बदलून, बाबांचा पट्टा स्वतःच्या जीनला लावून, टाटा करून निघूनही गेली. कामाच्या आनंदात माझ्या ते लक्षात आलं ते थेट बसस्टॉपवर. बाबा घरापर्यंत पँट धरून आले. बसला गर्दी होती, तर आईने लोकांना सांगितलं, सरका, पेशंट आहे, आणि त्यांना सीट मिळवून दिली. बाबा सगळी वाट खिडकीबाहेर बघत होते. टायपिंगचं नाव निघालं नाही आणि फॅशनचंही नाही.

त्यानंतर सगळा जन्म मी पडद्यामागे काढला. मोठमोठ्या बायकांच्या पाठी मी जितक्या पाहिल्या तितक्या त्यांच्या नवऱ्यांनीही पाहिल्या नसतील. समोरून फॅशन असते, मागून पिना असतात, आणि पिना लावणारी एक बाई असते जिचं नाव तन्वीच्या तक्त्यात नाही. मी तिला तेच सांगितलं. बिगिनरने आधी कुणाच्या तरी मागे उभं राहून बघावं. आणि पिना स्वतःच्या आणाव्यात.

शोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई घावणे घालत होती, मशीन गप्प होतं, आणि मी आत केस विंचरत कामावर जायच्या तयारीत होते. गॅलरीत सावंतकाकांचा आवाज आला. पँट न्यायला आले होते. बाबांनी ती घडी करून, रात्रभर उशाखाली दाबून इस्त्री केल्यासारखी तयार ठेवली होती. काकांनी पँट काखेत मारली आणि दाराच्या चौकटीला टेकून माझ्याबद्दल विचारलं, "परबांनू, काल इतक्या लांब जावन इलास. चेडू नेमक्या करता काय, ता तरी कळला?" मी कंगवा थांबवला. आईनेही तव्यावरचा हात थांबवला. बाबा घसा खाकरून, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"फॅशन करता. पट्टो माझो होतो."